ऑफ-व्हाइटची हुकूमशाही

गेले तीन शनिवार मी एका रंगावरून भांडतोय. साधा भिंतीचा रंग. त्यात राजकारण वगैरे काही नाही असं मला वाटत होतं, पण तेही निघालं. त्यावर पुढे येतोच.

तर झालंय असं, की मुलुंड पश्चिमेला आम्ही एक सेकंडहँड टू-बीएचके घेतलाय. तिसरा मजला, वीस वर्षांचं कर्ज, आणि राहायला जायच्या आधी रंगकाम. मला आणि बायकोला हॉलच्या भिंतींना करडा-हिरवा रंग हवाय. पोपटी नाही, पिस्ता नाही, बाटली हिरवा तर नाहीच. जरा मळलेला, दबलेला, आवाज न करणारा हिरवा. शेड कार्डवर त्या घराण्याला 'सेज' म्हणतात. बाकी सगळ्यांना, म्हणजे बाबा, आई, मावशी, ब्रोकर, पेंटर, समोरचे काका आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांना, ऑफ-व्हाइट हवाय.

घर आमचं, हप्ता आमचा, आणि मतदान मात्र सार्वत्रिक!

बरं, गंमत कुठल्या शहरात चाललीय बघा. गहागन पेंट्स नावाने सुरू झालेली आणि पुढे नेरोलॅक झालेली कंपनी १९२० साली लोअर परळला उभी राहिली. एशियन पेंट्स १९४२ साली मुंबईतच सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली तिच्यासाठी तो ब्रशवाला गट्टू काढला. तिचा भांडुपचा कारखाना होता आमच्यापासून दोन स्टेशनांवर. देशाला रंग लावणारं शहर हे. आज कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा टिंटिंग मशीन असतं, हजाराच्या वर शेड्स पाच मिनिटांत ढवळून मिळतात. आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही बिल्डिंगमध्ये शिरा, दार उघडलं की काय? ऑफ-व्हाइट. नाहीतर क्रीम. नाहीतर आयव्हरी. म्हणजे ऑफ-व्हाइट, ऑफ-व्हाइट आणि ऑफ-व्हाइट.

ज्याला तो मनापासून आवडतो त्याने तो जरूर लावावा. माझं भांडण त्या रंगाशी नाहीच. माझं भांडण तो न निवडता लागतो याच्याशी आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डिफॉल्ट व्हॅल्यू. फॉर्ममधला तो रकाना कोणी भरलाच नाही, म्हणून सिस्टिमने भरला.

आता एकेक मुद्दा घेऊ. सगळे मी कानांनी ऐकलेत, मनाचा एकही नाही.

मुद्दा पहिला : उद्या विकायचं झालं तर?

हा ब्रोकरचा. 'न्यूट्रल ठेवा सर, गिऱ्हाईक बिचकतं.' अहो, रजिस्ट्रेशनच्या कागदांवरची शाई वाळली नाही अजून! पण हा मुद्दा नुसता हसण्यावारी नेऊन चालणार नाही, कारण हॉलमधल्या टीव्हीच्या जागेपासून किचनच्या टाइल्सपर्यंत आपली निम्मी घरं याच मुद्द्यावर सजतात. एका न आलेल्या, न पाहिलेल्या माणसासाठी.

तर त्या माणसाची मला चांगली ओळख आहे, कारण तो मीच आहे. या फ्लॅटचा पुढचा गिऱ्हाईक म्हणजे मी. आधीच्या मालकांनी अनेक वर्षं हे घर व्यवस्थित ऑफ-व्हाइट ठेवलं. भिंतीवर एक फ्रेम नाही, एक खिळा नाही. आणि मी काय केलं? पहिल्याच आठवड्यात माणूस लावून तो सगळा रंग खरवडून काढला. मी त्या रंगाला एक रुपया जास्त दिला नाही. भाव ठरवताना आम्ही स्टेशनपासूनचं अंतर मोजलं, कार्पेट एरिया मोजला, पार्किंग आहे का ते बघितलं, बाथरूमची ओल बघितली. भिंतीच्या रंगाचा 'र'सुद्धा निघाला नाही. त्यांनी इतकी वर्षं माझ्यासाठी जपलेला रंग माझ्या लेखी शून्य किमतीचा होता. आता मीही तेच करायचं? माझ्यानंतर येणाऱ्यासाठी वीस वर्षं जपायचं, आणि त्याने येऊन पहिल्या आठवड्यात खरवडायचं? ही रिले रेस कोणी सुरू केली?

याचंच धाकटं भावंड म्हणजे 'बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, कशाला खर्च?' उपनगरात राहणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलंय. रिडेव्हलपमेंट जाईल तेव्हा जाईल. अशा वाटेवर कमिट्या बदललेल्या, आर्किटेक्ट बदललेले आणि शाळेतली पोरं नोकरीला लागलेली मी पाहिलीत. तोवर भिंतीकडे रोज बघायचं आहेच. आणि मुख्य म्हणजे पैसा. रंगकामाचा मोठा खर्च असतो मजुरीचा, खरवडण्याचा, लांबी भरण्याचा आणि पॉलिशपेपरचा. तो पांढऱ्यालाही तेवढाच आणि हिरव्यालाही तेवढाच. फिकट शेडच्या बादलीतला टिंटचा फरक सगळ्या बिलात शोधावा लागतो.

मुद्दा दुसरा : पांढऱ्याने खोली मोठी दिसते.

इथे मी अर्धी माघार घेतो, कारण हा मुद्दा अर्धा खरा आहे. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शंभरात ऐंशीच्या आसपास परत फेकतो. करड्या-हिरव्या घराण्यातल्या गडद शेड्स तीस-चाळीसवर येतात. म्हणजे प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टप्पे खात जातो तेव्हा प्रत्येक टप्प्याला जास्त गळती. खोली अंधारते. हे भौतिकशास्त्र आहे, त्याच्याशी वाद नाही.

पण म्हणून चारही भिंती आणि छत एकजात पांढरं करणं हा उपाय झाला का? छत पांढरंच ठेवा, सगळ्यात जास्त काम तेच करतं. शेड गडद न घेता फिकट घ्या, साठच्या आसपास परत फेकणारी. शेड कार्डवर किंवा कंपनीच्या साइटवर हा आकडा 'एलआरव्ही' नावाने मिळतो, दुकानदाराला विचारायला लाजू नका. आणि खरं सांगू? आपल्या खोल्या छोट्या दिसतात त्या रंगामुळे नाही, छोट्या असल्यामुळे. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये सहा सीटर सोफा, शोकेस आणि ट्रेडमिल घालायचं आणि मग भिंतीने जादू करावी अशी अपेक्षा ठेवायची, हे काही खरं नाही.

मुद्दा तिसरा : हॉस्पिटलसारखं दिसेल.

हा आईचा. त्यात तथ्य आहे, कारण हिरवा हॉस्पिटलात पोचला तो अपघाताने नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने १९१४ साली ऑपरेशन थिएटर पांढऱ्याऐवजी पालकाच्या पानासारखं हिरवं करून घेतलं. पांढऱ्या भिंती आणि पांढऱ्या चादरींवरून येणारी तिरीप डोळ्यांना सहन होत नव्हती, आणि लाल जखमेकडे एकटक बघून नजर वर केली की पांढऱ्यावर हिरवट डाग तरंगायचे. लालाचा विरोधी रंग हिरवा, म्हणून त्याने तो निवडला. म्हणजे ज्याला आपण आजारपणाचा रंग म्हणतो तो मुळात डोळ्यांना सुट्टी देण्यासाठी आला होता. (हिरव्याने टेन्शन उतरतं, बीपी कमी होतं असले दावे व्हॉट्सअॅपवर फिरतात. मी त्यातला एकही करत नाहीये. माझं टेन्शन रंगाने उतरणार नाही, हप्ता फिटल्यावर उतरेल.)

आपल्याला खरा त्रास झालाय तो त्या रंगाचा नाही, त्याच्या चकाकीचा. शाळा, पोलीस चौकी, दवाखाना, कुठेही कमरेइतक्या उंचीपर्यंत मारलेला तो चकचकीत हिरवा ऑइल पेंट आणि वर लुकलुकणारी ट्यूब. तोच रंग दबलेला, मॅट फिनिशमध्ये, मऊ प्रकाशात बघा. दवाखाना आठवणार नाही.

मुद्दा चौथा : हिरवा? आपल्यात?

आता ते राजकारण. समोरचे काका माणूस चांगला, आम्ही सामान हलवत होतो तेव्हा पाण्याच्या बाटल्या त्यांनीच आणून दिल्या. त्यांनी भिंतीवरचा सँपलचा पट्टा बघितला आणि आवाज खाली आणून म्हणाले, 'हिरवा कशाला रे? लोक काहीतरी भलतंच समजतील.'

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा च्यायला, काय बोलावं सुचेना.

काका, तुमच्या मुलीच्या लग्नात तिच्या हातात कुठल्या रंगाचा चुडा होता? डोहाळेजेवणाला साडी कुठल्या रंगाची नेसवतात? देवीची ओटी भरताना खण बहुतेक वेळा कुठला निघतो? दारावरचं तोरण आंब्याच्या पानांचं, अंगणात तुळस, श्रावणात अख्खा सह्याद्री. या मातीत शुभ म्हणून जे जे आहे त्याला हिरवा लागतो, आणि आज तुम्ही तो रंग उचलून दुसऱ्याच्या नावावर करून टाकला? एखाद्याचा झेंडा हिरवा असेल, असू दे. म्हणून मी माझ्या आजीचा चुडा सोडून देऊ? आणि कोणी 'भलतंच' समजलाच, समजा मी त्या दुसऱ्या धर्माचा आहे असं समजला, तर नेमकं काय बिघडतं? लिफ्टमध्ये नमस्कार करणार नाहीत? भीती वाटली ती रंगाची नाही, या प्रश्नाच्या उत्तराची वाटली. खरं सांगतो, इथवर रंग ही आवडीची गोष्ट होती. त्या वाक्यानंतर ती हट्टाची झाली.

आता थोडं आमच्या बाजूच्या लोकांबद्दल. कारण ऑफ-व्हाइटवाले निदान प्रामाणिकपणे कंटाळवाणे असतात. सेजवाले जास्त फसवतात, आणि सगळ्यात आधी स्वतःला. मीही फसलोय.

पहिला रंग मी मोबाइलवरून निवडला. फोटो परदेशातल्या कुठल्यातरी घराचा. छतापर्यंत उंच खिडकी, बाहेर झाडं, आत एक खुर्ची आणि एक कुंडी. फोटोतून कलर पिकरने आकडे काढले : लाल १५६, हिरवा १७५, निळा १३६. एकदम इंजिनिअर काम! त्याच्या जवळची शेड शोधली, सँपल आणलं, भिंतीवर दोन हात मारले. दुपारी चार वाजता तो चिखल दिसला. रात्री सिमेंट.

मग डोकं चालवलं. ते तीन आकडे परत बघा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या आकड्यात फरक फक्त ३९. दबलेला रंग म्हणजे हेच, तिन्ही घटक जवळजवळ बरोबरीत. भडक पोपटीवर कसलाही प्रकाश टाका, तो हिरवाच राहतो. पण जिथे बहुमत एवढं काठावरचं, तिथे प्रकाशाने दोन मतं इकडची तिकडे केली की सरकार पडतं. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, आणि समोर वीसेक फुटांवर शेजारची बिल्डिंग, पीच रंगाची. दुपारचा जो उजेड आमच्याकडे येतो तो त्या पीच भिंतीवर आपटून, तिचा रंग घेऊन येतो. हिरव्यावर पीच पडला की चिखल होणारच. रात्री ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब, ती निळसर. तिच्यात सगळी ऊब मरते आणि उरतं सिमेंट. त्या फोटोतली खिडकी, झाडं आणि आकाश माझ्याकडे नव्हतं, मी फक्त रंग आणला होता. फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने स्वतःचं व्हाइट बॅलन्स लावलेलं, माझ्या स्क्रीनने स्वतःची ब्राइटनेस. त्यातून काढलेल्या आकड्यांवर मी घर रंगवायला निघालो होतो. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला!

म्हणून कोणाला हा रंग लावायचाच असेल तर माझ्या चुकांवर शहाणे व्हा. आधी दिवे ठरवा, मग रंग. आम्ही ट्यूब काढून ४००० केल्विनचे एलईडी लावले. सँपल भिंतीवर वीतभर मारू नका, शेजारचा जुना रंग नजरेला फसवतो. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा खोलीभर फिरवा, सकाळी आठ, दुपारी चार, रात्री दहा. आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट आणि किंचित जास्त हिरवी घ्या, चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे सगळंच कार्डापेक्षा गडद उतरतं. सगळा माल एकदम टिंट करून घ्या आणि बादल्या एकमेकींत मिसळा. दबलेल्या शेडमध्ये काळ्याचा थेंब कमीजास्त झाला तरी भिंतीच्या मध्यावर जोड दिसतो. झाकणावरचं फॉर्म्युल्याचं स्टिकर जपून ठेवा. जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा, आणि पोरांना लांब ठेवा. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत काय आहे कोण जाणे. आणि ओल आधी काढा. ओलीवर मारलेला कुठलाही रंग पुढच्या जुलैत पोपडे होऊन खाली येतो.

यावरून मावशी आठवली. तिने पुठ्ठा बघितला आणि म्हणाली, 'शेवाळी होय! अरे, हा तर पावसाळ्यात फुकट लागतो भिंतीला. पैसे कशाला देतोयस?'

हसलो सगळे. पण तिने एका शब्दात शेड कार्डचं काम केलं. सेज म्हणजे काय ते आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. ती म्हणे एक वनस्पती, तुळशीच्याच कुळातली. मग तुळस म्हणा ना! देवघरातली वाळलेली मंजिरी आणि पान बघा, तोच रंग. आणि आणखी जवळचं हवं असेल तर भांडुप-मुलुंडच्या मागे खाडीवर जा. तिवराच्या पानाची वरची बाजू हिरवी आणि खालची रुपेरी-करडी. वारा आला की अख्खं जंगल रंग बदलतं. ईस्टर्न एक्सप्रेसवरून रोज ऑफिसला जाताना मी ते बघतो. मला तो रंग फोटोतून आवडला असं मी समजत होतो, पण तो बहुतेक खिडकीतून आत आला असणार.

आता शेवटचा मतदार, बाबा.

बाबा रेल्वेत होते. सगळी नोकरी क्वार्टर्समध्ये गेली, कुर्ला आणि मग कल्याण. क्वार्टरची भिंत म्हणजे खात्याची भिंत. रंग खातं ठरवणार, कधी द्यायचा तेही खातं ठरवणार. माझ्या लहानपणी कॅलेंडर लावायचं तर दाराच्या चौकटीला दोरी बांधून लावायचो, भिंतीत खिळा ठोकायला बाबांचा हात धजायचा नाही. रिटायर झाल्यावर भाड्याची घरं. तिथे घरमालकाची भिंत. आता स्वतःच्या मुलाच्या घरात ते म्हणतात, 'ऑफ-व्हाइट बरा, पुढेमागे कोणाला अडचण नको.' मला वाटत होतं हा आवडीचा मुद्दा आहे. तो नव्हता. त्यांच्या डोक्यात ही भिंत अजून कोणाची तरी आहे. आधी खात्याची, मग मालकाची, आता बँकेची किंवा पुढच्या गिऱ्हाइकाची.

आणि मला राग आहे तो याचा. भिंत आपली झाली, तिच्यासाठी वीस वर्षं गहाण पडलो, तरी तिच्यावर आपली मर्जी चालवायची सवय नाही. रिसेल व्हॅल्यू, न्यूट्रल, लोक काय समजतील, ही सगळी त्याच भीतीची सुशिक्षित नावं. मागच्या पिढीला निदान विचारणारं कोणी नव्हतं. आपल्याला हजार शेड्स समोर ठेवून विचारतात, आणि आपण म्हणतो, तुम्हीच काय ते लावा.

काल संध्याकाळी मी बाबांना विचारलं, 'हॉलचं सोडा. तुमच्या खोलीला कुठला लावू?'

'तुम्ही लावाल तो.'

'ऑफ-व्हाइट लावू?'

काही बोलले नाहीत. शेड कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, पानं उलटत बसले. चांगली दहा मिनिटं. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. मग एका चौकोनावर बोट ठेवून, जरा अवघडूनच म्हणाले, 'हा आकाशी... महाग असतो का रे?'

महाग नसतो, बाबा. सगळे सारखेच असतात.

असो. पेंटर सोमवारी येतोय. हॉल तिवराच्या पानाचा, बाबांची खोली आकाशी. सेक्रेटरींना काय वाटतं ते जनरल बॉडीत कळेलच.